वणव्यावरील कंत्राटी वैमानिक आणि चौकशी-अहवालांतील कर्ता

अपघाताच्या चौकशीचा अहवाल हा भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा ग्रंथ नव्हे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. तो अभियंत्याने वाचावा, वकिलाने वाचावा, विमा कंपनीने वाचावा; इतरांचे तेथे काय काम, असा प्रश्न साहजिकपणे केला जातो. परंतु असा अहवाल मुळात एक गद्यरचनाच असतो. त्यात घटनाक्रम असतो, माणसे असतात, निवेदक असतो. आणि मुख्य म्हणजे, अमुक गोष्ट अमुक कारणामुळे घडली अशी एक मांडणी असते. ती मांडणी वाक्यांतून होते, आणि वाक्य म्हटले की त्याचा कर्ता कोण आणि क्रिया कोणाकडे जाते हे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. ज्या वाक्यांवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत तेथे तर ही चिकित्सा अधिकच काटेकोरपणे व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात अशा दोन अहवालांचे परीक्षण करावयाचे आहे. पहिला अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली संमत केलेला, आणि दुसरा ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने २०२२ साली प्रसिद्ध केलेला. दोहोंचा विषय एकच आहे : वणवा विझविण्यासाठी सरकारी खात्याने खाजगी कंपनीकडून भाड्याने घेतलेले विमान, ते चालविणारे कंत्राटी वैमानिक आणि त्यांचा मृत्यू. पहिल्यात हेलिकॉप्टर आहे, दुसऱ्यात चार इंजिनांचे मोठे विमान. यंत्रे निराळी असली तरी भाड्याने घेणारे खाते आणि भाड्याने येणारा वैमानिक ह्यांचे नाते दोन्हीकडे तेच आहे, आणि आमचा विषय ते नाते हा आहे.

हा प्रश्न कॅलिफोर्नियाचा असेल, कोकणचा नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्यासाठी सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली ह्या गावाकडे पाहावे. बांद्याच्या शेजारचे, गोव्याच्या सीमेलगतचे हे गाव. एका अंगाला घाट, मध्ये काजूच्या बागा, वर जांभ्या दगडाचे सडे. पावसाळा सरल्यावर सड्यावरचे गवत पिवळे पडू लागते, आणि माघ-फाल्गुनापर्यंत ते इतके वाळते की एखादी विडी किंवा विजेच्या तारेची एखादी ठिणगी त्यास पुरते. नेमका हाच काजूचा हंगाम. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की आग चढणीच्या दिशेने धावू लागते, आणि तिच्यापुढे माणसे काय करतात, तर हिरव्या फांद्या तोडून तिला झोडपतात. वनखाते जाळरेषा काढते, परंतु खाजगी बागांना जाळरेषा कोण काढणार? एका दुपारी बाग जाते. नवे कलम लावून ते फळास येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात. सिंधुदुर्गात ही कथा दरवर्षीची आहे.

ह्याच डोंगररांगेत, सीमेपलीकडे, मार्च २०२३ मध्ये एक नवी गोष्ट घडली. त्या महिन्याच्या ५ तारखेपासून गोव्यातील म्हादई अभयारण्यात आणि इतर ठिकाणी वणवे पेटत गेले आणि जमिनीवरून ते आटोक्यात येईनात, तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरे आणि वायुदलाचे मि-१७ हेलिकॉप्टर बोलावण्यात आले. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली दोराने लोंबणारी एक प्रचंड बादली असते. ती जलाशयात बुडवून भरावयाची आणि आगीवर नेऊन ओतावयाची. आपल्या हेलिकॉप्टरने २५,००० लिटरांहून अधिक पाणी टाकले, असे वायुदलाने त्या वेळी जाहीर केले. मि-१७ च्या बादलीत सुमारे ३,५०० लिटर पाणी मावते हे लक्षात घेतले, तर ह्या सात-आठ फेऱ्या झाल्या. म्हणजे रस्त्यावरच्या दोन-तीन टँकरांइतके पाणी. त्याचे मोल प्रमाणात नाही, ते जेथे पडते त्या जागेत आहे. कारण त्या उतारावर टँकर जाऊ शकत नाही.

गोव्यातील ती हेलिकॉप्टरे सैन्यदलांची होती. तेथे निविदा नव्हती, भाडे नव्हते, कंत्राटही नव्हते. परंतु एकदा आकाशातून पाणी पडलेले लोकांनी पाहिले की पुढच्या वणव्यात ते मागितले जाणार, आणि सैन्यदले प्रत्येक वेळी मोकळी असतील असे नाही. मग खाजगी वा सार्वजनिक कंपनीकडून हेलिकॉप्टर भाड्याने घ्यावे, हा विचार ओघानेच येईल. महाराष्ट्रास भाड्याचे हेलिकॉप्टर मुळीच अपरिचित नाही. मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण अशाच हेलिकॉप्टरांतून होत आली आहे, आणि त्या व्यवहाराची किंमतही आपण मोजली आहे : ११ ऑगस्ट २००३ रोजी २७ माणसे, १३ जानेवारी २०१८ रोजी ७, २८ जून २०२२ रोजी ४. तेव्हा उद्या वणव्यासाठी असे कंत्राट लिहिले गेलेच, तर त्यात एक वाक्य निश्चितपणे असेल. ते असे : उड्डाणाबाबत वैमानिकाचा निर्णय अंतिम राहील.

ह्या वाक्याचे कूळ मोठे आहे. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत प्रमुख वैमानिकास असा अंतिम अधिकार दिला आहे, आणि तो देण्यामागचा हेतू थोर आहे. मालक, मंत्री किंवा सेनापती विमानात बसला असला तरी विमान उडवावे की नाही हे त्याने सांगावयाचे नाही, ज्याच्या हाती दांडा आहे त्याने सांगावयाचे. अधिकाराच्या ह्या वाक्याने आजवर किती प्राण वाचविले असतील ह्याची गणती नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की तेच वाक्य कंत्राटात येऊन बसले म्हणजे त्याचा अर्थ बदलू शकतो. मग ते वैमानिकास अधिकार देत नाही, खात्यास मोकळीक देते. सन्मानाचे वाक्य भार टाकण्याचे वाक्य बनते. पुढील दोन अहवाल ह्याचीच साक्ष देतात, जरी त्यांतील एकही ही गोष्ट ह्या शब्दांत बोलत नाही.

पहिला अहवाल घेऊ. ५ ऑगस्ट २००८ रोजी संध्याकाळी उत्तर कॅलिफोर्नियातील शास्ता-ट्रिनिटी राष्ट्रीय वनात, सुमारे ६,००० फूट उंचीवरील एका मोकळ्या जागेतून सिकोर्स्की एस-६१ जातीचे हेलिकॉप्टर उडाले. ते कार्सन हेलिकॉप्टर्स ह्या कंपनीचे होते आणि अमेरिकेच्या वनसेवेने ते भाड्याने घेतले होते. आत १३ माणसे होती : दोन वैमानिक, १० अग्निशामक, आणि प्रमुख वैमानिकाची परीक्षा घेण्यासाठी आलेला वनसेवेचा स्वतःचा निरीक्षक-वैमानिक. हेलिकॉप्टर उचलले गेले, परंतु वर जाऊ शकले नाही. झाडांवर आदळून पेटले. ९ माणसे मेली. त्यांत तो निरीक्षकही होता. देखरेख करणारा माणूस खुद्द विमानात बसलेला असताना देखरेखीअभावी विमान पडावे, ह्यात जी विसंगती आहे ती कादंबरीकारास सुचली असती तर आपण ती अतिरंजित म्हटली असती.

हेलिकॉप्टरला तो भार का पेलला नाही? येथे थोडा तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक फेरीपूर्वी वैमानिकास एक हिशेब मांडावा लागतो. एका बाजूस रिकाम्या हेलिकॉप्टरचे वजन, इंधन, माणसे आणि सामान. दुसऱ्या बाजूस त्या उंचीवर आणि त्या तपमानात यंत्र किती भार उचलू शकेल ह्याचा आकडा. उंची वाढली की हवा विरळ होते, तापली की आणखी विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाही कमी उचलतो व इंजिनही कमी ताकद देते. हा दुसरा आकडा उत्पादकाच्या आलेखावरून काढतात. हिशेब वैमानिक करतो हे खरे. परंतु त्या हिशेबातील दोन मूळ आकडे, रिकामे वजन आणि आलेख, त्याला कोणीतरी दिलेले असतात. ह्या प्रकरणात ते दोन्ही खोटे होते.

मंडळाने आपल्या निष्कर्षात संभाव्य कारणे सांगितली आहेत ती अशी : कंपनीने हेलिकॉप्टरचे रिकामे वजन हेतुपुरस्सर कमी दाखविले, इंजिनाच्या ताकदीचा आलेख बदलून उचल-क्षमता फुगविली, आणि मान्यता नसलेल्या, वास्तवाहून अधिक टॉर्क गृहीत धरून हिशेब करण्याची रीत पाडली. ह्यामुळे वैमानिक ज्या हिशेबावर विसंबले तो फसवा ठरला. ह्यापुढे वनसेवा आणि संघीय विमानवाहतूक प्रशासन ह्यांची अपुरी देखरेख हे कारण जोडलेले आहे. आणि शेवटी, साहाय्यभूत कारण म्हणून, वैमानिक येतात : त्याच जागेवरून आधीच्या दोन फेऱ्यांतही हेलिकॉप्टर आपल्या क्षमतेच्या टोकाला पोहोचले होते, ह्याची त्यांनी दखल घेतली नाही, कारण टोकाला उडण्याची त्यांना सवय झाली होती.

ह्या निष्कर्षाचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. आधीच्या दोन फेऱ्यांविषयी जे सांगितले आहे ते चौकशीकर्त्यांनी कक्षातील ध्वनिमुद्रणावरून, इंजिनाच्या आवाजाच्या कंपनसंख्येचे पृथक्करण करून, शोधून काढले. आवाजातून यंत्राची धाप ओळखण्याचे हे कसब वाखाणण्याजोगे आहे. कंपनीविषयीची वाक्येही निर्भीड आहेत. तेथे कर्ता स्पष्ट आहे, क्रिया सकर्मक आहे, आणि ‘हेतुपुरस्सर’ हे क्रियाविशेषण कोणताही आडपडदा ठेवत नाही.

परंतु पुढच्याच पायरीवर रचना बदलते. ‘अपुरी देखरेख’ ह्या शब्दप्रयोगात क्रियापद नाही. एक भाववाचक नाम आणि त्यास एक विशेषण. कोणी काय केले नाही? वास्तविक उत्तर साधे आहे. वनसेवेने हेलिकॉप्टर काट्यावर चढवून तोलले नाही. कंपनीने निविदेत जो आकडा दिला तो तिने मानला. अपघातानंतर ह्याच कंपनीची इतर हेलिकॉप्टरे तोलली गेली तेव्हा तीही कागदापेक्षा जड भरली. जे अपघातानंतर करता आले ते आधीही करता आले असते. त्यासाठी नवा शोध लागावयाचा नव्हता. अहवालाच्या अंतरंगात ही हकीकत आहे, परंतु निष्कर्षाच्या वाक्यापर्यंत येता येता ती एका नामात विरघळते. कंपनीने ‘केले’, वैमानिकांनी ‘दखल घेतली नाही’, आणि सरकारकडे मात्र केवळ काहीतरी ‘अपुरे होते’. तीन पक्षांपैकी दोघांना क्रियापद मिळाले, तिसऱ्याला विशेषण.

खोट्या आकड्याचा जन्म कोठे झाला हे पाहिले म्हणजे ह्या फरकाचे महत्त्व कळते. तो वैमानिकाच्या कक्षात झाला नाही, हेलिकॉप्टरच्या तळावरही झाला नाही. तो निविदेत झाला. अमुक उंचीवर, अमुक तपमानात, अमुक भार उचलणारे हेलिकॉप्टर हवे, अशी वनसेवेची अट होती. कागदावर यंत्र जितके हलके, तितके ते अटीत बसण्यास सोपे. म्हणजे भाड्याने घेणाऱ्याने एक आकडा मागितला, भाड्याने देणाऱ्याने तो आकडा तयार केला, आणि त्या दोघांच्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्या माणसाने, वैमानिकाने, तो आकडा खरा धरून १० माणसे उचलली. त्याचा निर्णय अंतिम होता ह्यात शंका नाही. परंतु खोट्या पुराव्यावर दिलेला निर्णय अंतिम असून उपयोग काय?

‘टोकाला उडण्याची सवय’ ह्या कारणाविषयी तर आमचा स्पष्ट मतभेद आहे. सवय ही व्यक्तीच्या स्वभावातील गोष्ट असल्यासारखे ते वाक्य वाचले जाते. पण ज्या यंत्राचे खरे वजन कागदाहून शेकडो किलोंनी अधिक आहे, ते रोजच टोकाला उडणार. आणि जे रोज घडते ते वैमानिकास इशारा म्हणून कसे जाणवावे? येथे सवय हे कारण नसून परिणाम आहे, आणि परिणामास कारणांच्या यादीत बसविल्याने मेलेल्या माणसाच्या नावावर काही शिल्लक टाकल्यासारखे होते. पुढे २०१५ साली न्यायालयाने कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षास १२ वर्षे ७ महिने कारावासाची शिक्षा दिली. न्यायालयाने कर्ता शोधला तो वजनाच्या कागदाजवळ.

दुसरा अहवाल ह्याहून सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते तो अधिक चांगला आहे. २३ जानेवारी २०२० रोजी, ऑस्ट्रेलियातील त्या भीषण उन्हाळ्यात, न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेने भाड्याने घेतलेले सी-१३० हर्क्युलीस विमान कूमा गावाच्या ईशान्येस पडले आणि त्यातील तिन्ही अमेरिकन कर्मचारी ठार झाले. येथे खोटे वजन नाही, कोणाची लबाडी नाही. जे आहे ते असे : त्या दिवशी वारा भयंकर होता. आगीवर मोठ्या विमानास मार्ग दाखविणारे एक छोटे विमान असते. त्याच्या वैमानिकाने हवामानामुळे उड्डाणास नकार दिला. त्याच कंपनीचे एक मोठे जेट विमान अडामिनाबीच्या आगीवर जाऊन आले आणि आपण तेथे पुन्हा जाणार नाही असे त्याच्या वैमानिकाने कळविले. त्यानंतरही हर्क्युलीस अडामिनाबीकडे पाठविले गेले. त्याच्या वैमानिकांनीही तेथील परिस्थिती पाहून तेथे काम करण्याचे नाकारले. तेव्हा त्यांना जवळच्याच दुसऱ्या, ‘गुड गुड’ नावाच्या आगीवर वळविण्यात आले, आणि तेथे औषधी पाण्याचा फवारा टाकल्यानंतर थोड्याच वेळात ते विमान जमिनीस भिडले.

ब्यूरोच्या अहवालाचे खरे यश हे की त्याने ‘नकार’ ह्या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. सामान्यतः नकार म्हणजे एका वैमानिकाचा एका उड्डाणापुरता निर्णय, तेथेच संपणारा. अहवाल दाखवितो की नकार ही माहिती आहे. एकाने नाही म्हटले, हे दुसऱ्यास कळणे हाच त्याच्या निर्णयाचा सर्वांत मोलाचा आधार होय. आणि ही माहिती हर्क्युलीसच्या वैमानिकांपर्यंत पोहोचविण्याची कोणतीही रीत अग्निशमन सेवेत ठरलेली नव्हती. मार्गदर्शक विमानावाचून मोठे विमान कधी पाठवावे आणि कधी पाठवू नये ह्याविषयीही तिचे नियम तोकडे होते. सेवा विसंबली होती ती प्रमुख वैमानिकाच्या मूल्यमापनावर. कंपनीकडेही उड्डाणापूर्वी धोक्याचा अंदाज घेण्याचे ठरीव साधन नव्हते.

म्हणजे पुन्हा तेच वाक्य : वैमानिकाचा निर्णय अंतिम. प्रत्येक वैमानिकाने आपापला निर्णय घेतला. दोघांनी नाही म्हटले, तिसऱ्यानेही एकदा नाही म्हटले. परंतु तीन नकार तीन निरनिराळ्या खोल्यांत राहिले. ते एकत्र येऊ शकत होते अशी एकच जागा होती, ती म्हणजे त्यांना पाठविणारे खाते. आणि निर्णय वैमानिकाचा आहे असे मानल्यामुळे खात्याने स्वतःस त्या माहितीचा निव्वळ वाटसरू समजले.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो पोकळ नाही. चौकशीचे हे अहवाल दोष ठरविण्यासाठी नसतातच; पुन्हा तसे घडू नये एवढाच त्यांचा हेतू, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. आपल्याकडे २०१२ साली स्थापन झालेले विमान अपघात अन्वेषण ब्यूरोही त्याच तत्त्वावर चालते. मग निष्कर्षांत कर्ता नसणे हा दोष कसा, तो तर ह्या वाङ्मयप्रकाराचा धर्मच होय, असे म्हणता येईल. आमचे उत्तर असे की कर्ता सांगणे म्हणजे आरोपी सांगणे नव्हे. ‘हेलिकॉप्टर वनसेवेने तोलले नाही’ हे वाक्य कोणास तुरुंगात पाठवीत नाही; ते फक्त उद्या काट्यापाशी कोणी उभे राहावयाचे हे सांगते. उलट कर्ता गाळला की काम कोणाचे हेच हरवते, आणि मग मराठी दफ्तराच्या ओळखीच्या भाषेत ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ असे परिपत्रक निघते. ती दक्षता कोणी घ्यावयाची हे त्या परिपत्रकाच्या लेखकासही ठाऊक नसते. दोष टाळण्यासाठी जी भाषा स्वीकारली ती वापरता वापरता कर्तव्यही टाळले जाते, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

दुसरा आक्षेप वैमानिकांकडून येईल. आमच्या अधिकारात खात्याने हात घालू नये, वनाधिकाऱ्याने आम्हांस उड्डाण शिकवू नये, असे ते म्हणतील, आणि ते बरोबर आहे. परंतु येथे निर्णयाची वाटणी करावयाची नसून निर्णयाच्या साधनांची जबाबदारी ठरवावयाची आहे. ह्याचे एक चांगले उदाहरण अमेरिकन नियमांतच आहे. वणव्यावरील वैमानिकाने दिवसात ८ तासांहून अधिक उडू नये आणि त्याची कामाची पाळी १४ तासांहून लांबू नये, असे तेथील खात्यांनी ठरविले आहे. तू थकला आहेस काय, असे त्याला कोणी विचारीत नाही. विचारले तर तो नाही म्हणेल; हंगामात, धुरात, सहकाऱ्यांसमोर कोणता वैमानिक थकल्याचे कबूल करील? आकडाच त्याला खाली उतरवितो. येथे वैमानिकाचा निर्णय काढून घेतला आहे आणि त्यामुळेच तो सुरक्षित आहे. जो नियम उगवत्या-मावळत्या सूर्याइतका निर्विकार असतो त्याच्याशी कोणाची भांडणे होत नाहीत.

दोन्ही अहवालांच्या निष्कर्षांत एका विषयास मात्र जागा मिळालेली नाही, आणि ती उणीव आम्हांस मोठी वाटते. तो विषय पैशाचा. भाड्याच्या हेलिकॉप्टरचे मोल बहुधा दोन भागांत दिले जाते : तळावर तयार उभे राहण्याचे आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांचे. दुसरा भाग जितका मोठा तितका प्रत्येक नकार कंपनीस महाग पडतो, आणि कंपनीस जे महाग पडते त्याची झळ वैमानिकापर्यंत पोहोचण्यास मालकाने तोंडाने काही बोलावे लागत नाही. त्याची पुढच्या हंगामाची नेमणूक कोणाच्या हाती आहे हे त्याला कळते. तेव्हा अंतिम निर्णयाचे वाक्य ज्या पानावर आहे त्याच्या समोरच्या पानावर दराचे कोष्टक असते, आणि दोन्ही पाने एकत्र वाचल्याखेरीज पहिल्याचा अर्थ लागत नाही.

आता इन्सुलीकडे परत येऊ. सीमेवरचा तपासणी नाका म्हणून ह्या गावाचे नाव मालमोटारीच्या प्रत्येक चालकास ठाऊक झाले. नाक्याची मूळ कल्पनाच अशी की मालाच्या पावतीवर काय लिहिले आहे ह्यावर न थांबता गाडीच पाहावी आणि तोलावी. चालक कितीही प्रामाणिक असला तरी, कारण गाडी त्याने भरलेली नसते. जी शंका मालमोटारीविषयी घेणे आपण स्वाभाविक समजतो ती हेलिकॉप्टरविषयी घेण्यास एका प्रगत देशाच्या खात्यास ९ माणसे गमवावी लागली. इकडील घाटात डोंगर कॅलिफोर्नियाइतके उंच नाहीत हे खरे, परंतु फाल्गुन-चैत्रातील दुपारचे ऊन काही थोडे नाही, आणि भरलेली बादली घेऊन अधांतरी स्थिर राहणे हे यंत्राचे सर्वांत कष्टाचे काम. त्यात दरीवरून गेलेल्या विजेच्या तारा, धूर, आणि जवळच मोपा येथे २०२३ पासून चालू झालेल्या विमानतळाची वर्दळ. पाणी तिलारीच्या जलाशयातून आणावयाचे की तेरेखोलच्या खाडीचे खारे पाणी बागांवर टाकावयाचे, हाही प्रश्न आहेच. काजूच्या बागायतदारास तो आगीइतकाच महत्त्वाचा वाटेल.

आणि बागायतदाराचा विषय निघाला म्हणून सांगितले पाहिजे की वैमानिकावरचे सर्वांत मोठे दडपण कंपनीचे नसेल, खात्याचेही नसेल. ते खाली उभ्या असलेल्या माणसांचे असेल. डोळ्यांदेखत बाग जळत असता, तळावर हेलिकॉप्टर उभे आहे आणि उडत नाही, हे कोणास सहन होईल? सरपंच विचारील, आमदार विचारतील, वृत्तपत्रे विचारतील. त्या वेळी ‘वैमानिकाचा निर्णय’ असे खात्याने सांगितले की सगळ्या नजरा एका माणसाकडे वळतील, जो ह्या गावचा नाही, ज्याचे येथे कोणी नाही, आणि ज्याचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार आहे. नकार देण्याचा अधिकार त्याला असेल. त्या नकाराचे ओझे त्याने एकट्याने का उचलावे हे कंत्राटात लिहिलेले नसेल.

म्हणून असे कंत्राट मराठीत लिहिण्याची वेळ आली, तर त्या एका वाक्याऐवजी काहीशी लांब, परंतु कर्ता असलेली वाक्ये लिहावी लागतील. उदाहरणार्थ : हंगामाच्या आरंभी खाते हेलिकॉप्टर आपल्या देखत तोलून घेईल आणि भाराचा हिशेब त्याच वजनावरून होईल. कोणत्याही वैमानिकाने वा मार्गदर्शकाने एखाद्या आगीवर जाण्याचे नाकारल्यास खाते ते कारणासह पुढील प्रत्येक वैमानिकास उड्डाणापूर्वी कळवील. वैमानिकाने उड्डाण नाकारलेल्या दिवसाचे भाडे खाते पूर्ण देईल. नकाराचे कारण लोकांस वनाधिकारी सांगेल, वैमानिक सांगणार नाही. आणि ह्या सर्वांनंतर, उड्डाणाबाबत वैमानिकाचा निर्णय अंतिम राहील. कायद्याच्या मसुदाकारास ही रचना ओबडधोबड वाटेल, पाचापैकी चार वाक्ये अनावश्यकही वाटतील. ती गाळून फक्त शेवटचे वाक्य ठेवण्याचा मोह त्याला होईल, कारण तेवढेच वाक्य खात्यास काही करावयास सांगत नाही.